पाटीवर नाव कोणाचं? फडातल्या बाईपासून फडाच्या मालकिणीपर्यंत

आजच्या भागात आम्ही पापड, शेवया, कर्ज आणि व्याज थोडं बाजूला ठेवणार आहोत आणि इतिहास सांगणार आहोत. पण ऐकता ऐकता तुम्हाला आपल्या गटाची आठवण झाली तर नवल नाही, कारण विषय तिथूनच निघाला आहे.

गटांच्या बैठकीत आमच्यापुढे एक प्रश्न वारंवार येतो. दहा-बाराजणी मिळून काम सुरू करतात. चार-पाच वर्षांनी त्यातल्या एकीचा हात बसतो, तिच्या मालाला नाव होतं, गिऱ्हाईक तिलाच विचारत येतं. मग तिला वाटतं, आता आपण स्वतःचं काही काढावं. लगेच कुजबुज सुरू होते. गटानं हिला मोठं केलं आणि ही निघाली, असं काहीजणी म्हणतात. राबायचं हिनं आणि नाव सगळ्यांचं का, असं दुसऱ्या म्हणतात. दोन्ही बाजूंचं काही ना काही खरं असतं. हाच पेच आपल्या महाराष्ट्रात शंभर वर्षांपासून गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायांपुढे उभा आहे. तमाशाचा फड हाही एक गटच. त्या गटातून निघून ज्यांनी स्वतःच्या नावाची पाटी लावली, त्यांची ही हकिकत.

आधी बाई होतीच कुठं?

आपल्या विदर्भात खडी गंमत आणि दंडार तुम्ही पाहिलेली असेल. जुन्या काळी त्यात बाईचं सोंग पुरुषच घ्यायचा. लुगडं नेसायचा, चाळ बांधायचा, नाचायचा. पश्चिम महाराष्ट्रातल्या तमाशातही तेच होतं. गवळणीत राधा पुरुष, मावशी पुरुष. त्याला नाच्या म्हणत. बाईनं फडावर उभं राहणं लोकांना मान्य नव्हतं.

ही रीत मोडणाऱ्यांत पहिलं नाव घेतलं जातं पवळाबाई हिवरगावकर यांचं. अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, संगमनेरजवळ हिवरगाव आहे. तिथल्या त्या दलित घरातल्या लेकी. शाहीर पठ्ठे बापूराव, म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, हे रेठरे हरणाक्षचे ब्राह्मण. बापूरावांची लेखणी आणि पवळाबाईंचा गळा-पाय एकत्र आले आणि त्या फडानं गर्दीचे उच्चांक केले. लोक तिकीट काढून पवळाबाईंना पाहायला येत.

आता एक बारीक गोष्ट ध्यानात घ्या. लावणीच्या शेवटच्या कडव्यात शाहीर आपलं नाव गुंफतो. त्यामुळे शंभर वर्षं झाली तरी लावणी कोणाची ते कळतं. लिहिणाऱ्याचं नाव गाण्यातच शिवलेलं असतं. जिनं ती गाऊन गाजवली, तिच्या नावाला मात्र त्यात जागा नसते. पवळाबाईंचं नाव लोकांच्या तोंडी राहिलं म्हणून टिकलं. त्यांच्यानंतर किती बाया आल्या आणि गेल्या, त्यांची नावंही आज सापडत नाहीत.

या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. महाडच्या सत्याग्रहाच्या काळात बापूरावांनी तमाशाच्या उत्पन्नातून मदत देऊ केली. बाबासाहेब आंबेडकरांनी ती नाकारली. आपल्याच समाजातल्या बायांना नाचवून मिळालेला पैसा त्यांना नको होता. ऐकताना आपल्याही मनात दोन विचार येतात. बाबासाहेबांचं म्हणणं बायांच्या सन्मानासाठीच होतं. आणि ज्या बायांच्या हाती कला सोडून दुसरी शेती नव्हती, वतन नव्हतं, त्यांच्यासाठी तोच फड पोट भरण्याची जागा होती. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात. पुढची सगळी हकिकत या दोहोंच्या मधून जाते.

फड चालतो कसा?

पुढे जाण्याआधी फडाचा कारभार समजून घेऊ. तमाशाचे मोठे दोन प्रकार. एक ढोलकी फडाचा. त्यात गण, गवळण, बतावणी आणि मग रात्रभर चालणारा वग. मोठ्या फडात वाजवणारे, गाणारे, नाचणाऱ्या, सोंगाड्या, तंबू ठोकणारे, गाडी चालवणारे, स्वयंपाकी असं सगळं गावच असतं. दुसरा प्रकार संगीत बारी. त्यात वग नसतो. बायांची पार्टी थिएटरात बसून-उठून लावण्या सादर करते आणि पार्टी बहुतेक वेळा एखाद्या बाईच्याच नावानं ओळखली जाते.

ढोलकी फडाचा हंगाम दसऱ्याच्या सुमाराला सुरू होतो आणि उन्हाळ्यात यात्रा-जत्रा संपल्या की उतरतो. पुणे जिल्ह्यातलं नारायणगाव ही तमाशाची पंढरी. तिथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच येतात आणि आपल्या जत्रेसाठी सुपारी देतात. सुपारी म्हणजे ठरलेला कार्यक्रम आणि त्याची रक्कम.

पण पावसाळ्याचे चार महिने काय खायचं? तिथे येते उचल. हंगाम सुरू होण्याआधी कलावंत फडमालकाकडून पैसे उचलतो आणि हंगामभर काम करून ते फेडतो. फिटले नाहीत तर पुढच्या वर्षी त्याच फडात. ऊसतोडीला जाणाऱ्या आणि वीटभट्टीवर काम करणाऱ्या बायांना हा शब्द शिकवावा लागणार नाही. मालकही सुटलेला नसतो. इतक्या जणांना उचल द्यायला तो सावकाराकडून काढतो. एखाद्या वर्षी पाऊस पडला नाही, जत्रा भरल्या नाहीत, की सावकाराचं व्याज सगळा फड गिळतं.

म्हणजे फडात बाई असते तेव्हा तिच्याकडे कला असते. तंबू, गाडी, पेट्या, ढोलकी, सुपारीचा करार आणि हिशेबाची वही हे सगळं दुसऱ्याकडे असतं. फड सोडायचा तर ती काय घेऊन जाणार? फक्त आपलं नाव. आणि ते तेव्हाच कामी येतं जेव्हा लोकांना ते माहीत असतं.

विठाबाई: बापाच्या फडातून

विठाबाईंचा जन्म जुलै १९३५ चा, पंढरपूरचा. म्हणून नाव विठा. आजोबा नारायण खुडे यांच्यापासून घरात तमाशा. वडील भाऊ आणि चुलते बापू यांचा ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ हा फड महाराष्ट्रभर नावाजलेला. त्यात रमाबाई, केशरबाई आणि विठाबाई या बहिणी नाचल्या-गायल्या. मातंग समाजातलं घर, शाळा नावापुरती, शिक्षण सगळं फडावर.

पुढे विठाबाईंनी स्वतःचा फड उभा केला. त्यांचं नाव कसं लिहिलं जायचं पाहा: विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. त्यात बाप आहे, जात आहे, गाव आहे, आणि सगळ्यांच्या पुढे विठाबाई आहे. ज्या काळात लोक जात लपवत होते त्या काळात ही बाई ती पाटीवर घेऊन गावोगाव गेली, आणि त्याच गावांनी तिला बघायला गर्दी केली. १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला.

त्यांच्याबद्दलची एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. दिवस भरलेले असताना त्या फडावर नाचत होत्या. मध्येच कळा सुरू झाल्या. त्या आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ ठेचून तोडली आणि पुन्हा फडावर आल्या. पोट दिसेना तेव्हा लोकांना प्रकार समजला. त्यांनी हात जोडले आणि खेळ थांबवायला सांगितलं.

ही गोष्ट भाषणांतून फार कौतुकानं सांगितली जाते. विठाबाईंच्या धैर्याला आमचाही नमस्कार. पण बायांच्या बैठकीत ती सांगताना आम्ही पुढे एक प्रश्न जोडतो. त्या रात्री त्यांना नाचावं का लागलं? फड त्यांचा, सुपारी घेतलेली, तिकिटं विकलेली, इतक्या माणसांचं पोट त्यांच्यावर. मालकीण झाल्यावर बाईची सुटका होते असं आपण समजतो. इथे तर मालकिणीलाच रजा नव्हती. आज बाळंतपणाच्या काळात मदत मिळावी म्हणून आपण अर्ज भरतो, अंगणवाडीत नाव नोंदवतो, तेव्हा ती दगडानं तोडलेली नाळ आठवावी.

विठाबाईंची लेक मंगला बनसोडे. तीही आईच्या फडात तयार झाली आणि पुढे तिनं स्वतःचा वेगळा फड काढला. म्हणजे बापाच्या फडातून आई निघाली आणि आईच्या फडातून लेक. घरात हे सोपं गेलं नसणार हे कळायला फार कल्पना लागत नाही. हाताखाली तयार झालेली मुख्य कलावंत गेली की फडाचा खांबच जातो.

विठाबाई १५ जानेवारी २००२ रोजी गेल्या. शेवटचे दिवस ओढगस्तीचे होते. दवाखान्याचं बिल लोकांच्या देणग्यांतून भागवावं लागलं. आयुष्यभर रात्री जागवून ज्यांनी इतकं कमावलं त्यांच्या गाठीला काही उरलं नाही. नाव मोठं झालं, शिल्लक झाली नाही. या दोन गोष्टी वेगळ्या असतात, हे आपल्यासारख्या बचत करणाऱ्या बायांनी नीट ध्यानात ठेवावं.

कांताबाई: ‘सह’ या शब्दाची कमाई

दुसरी हकिकत कांताबाई सातारकर यांची. १९३९ साली गुजरातेत, खाणीत मजुरी करणाऱ्या आईबापांच्या पोटी त्यांचा जन्म झाला. घर पुढे साताऱ्याला आलं. पोरवयात त्या मेळ्यात काम करू लागल्या. गणपती उत्सवात तेव्हा मेळे असायचे. पोरं-पोरी एकत्र गाणी म्हणत, संवाद करत. तिथून त्या तमाशात आल्या आणि तुकाराम खेडकर यांच्या फडात पोहोचल्या. खेडकर हे त्या काळचे मोठे वगसम्राट. कांताबाई त्यांच्या फडाच्या नायिका झाल्या आणि त्यांच्याशीच संसारही मांडला.

१९६४ साली खेडकर गेले आणि सगळं बदललं. फड कांताबाईंच्या हाती राहिला नाही. पदरात लहान लेकरं आणि हातात फक्त कला. दुसऱ्यांच्या फडावर काम करून त्यांनी दिवस काढले. नवरा गेल्यावर घर, शेत, दुकान कोणाच्या नावावर आहे हे पहिल्यांदा विचारणाऱ्या कितीतरी बाया आम्हाला गावोगाव भेटतात. सातबाऱ्यावर नाव नसलं की बाई ज्या घरात वीस वर्षं राबली तिथेच पाहुणी ठरते. फडाचंही तसंच झालं.

पाच वर्षांनी, १९६९ मध्ये, कांताबाईंनी स्वतःचा फड उभा केला. पाटी अशी होती: तुकाराम खेडकर सह कांताबाई सातारकर तमाशा मंडळ. त्यातला ‘सह’ हा शब्द आम्हाला फार मोलाचा वाटतो. गेलेल्या माणसाचं नाव पुढे ठेवलं, कारण गावोगावचे पंच त्या नावाला ओळखत होते. पण आपलं नाव गाळलं नाही. त्याच ओळीत, त्याच पाटीवर लिहिलं. पुढे मुलगा रघुवीर मोठा झाला तेव्हा पाटीवर त्याचं नाव आलं, तरी ‘सह कांताबाई सातारकर’ कायम राहिलं.

कामही त्यांनी धाडसाचं केलं. वगात त्या पुरुषांच्या भूमिका करत, अगदी शिवाजी महाराजांचीही. जिथे पूर्वी पुरुष बाई होऊन नाचत होता, त्याच फडावर आता बाई राजा होऊन उभी राहिली. राज्य शासनानं विठाबाईंच्या नावानं तमाशातल्या कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला, तेव्हा त्याच्या पहिल्या मानकरी कांताबाई ठरल्या. २५ मे २०२१ रोजी, करोनाच्या साथीत, संगमनेरला त्यांचं निधन झालं. त्या वर्षी जत्रा बंद होत्या आणि राज्यातले सगळे फड घरी बसले होते.

यमुनाबाई: तिघींच्या नावापासून एकीच्या गळ्यापर्यंत

तिसरी वाट संगीत बारीची. वाईच्या यमुनाबाई. जन्म ३१ डिसेंबर १९१५, डोंबारी-कोल्हाटी समाजातला. लहानपणी रस्त्यावरचा खेळ, तिथून गाणं, आणि पुढे पार्टी. त्या पार्टीचं नाव होतं ‘यमुना-हिरा-तारा वाईकर’. तिघींची नावं एका ओळीत, मध्ये फक्त एक छोटी आडवी रेघ. कोणी कोणाच्या ‘सह’ नाही आणि कोणी कोणाखाली नाही.

सिनेमा आला, लोकांची आवड बदलली, पार्टीचे दिवस गेले. यमुनाबाईंच्या गळ्यातली जुनी बैठकीची लावणी मात्र टिकून होती. अभ्यासकांनी आणि जाणकारांनी त्यांना पुन्हा लोकांपुढे आणलं. आता त्या एकट्या बसून गात. बैठकीच्या लावणीत नाच नसतो. एकाच ओळीचा अर्थ हातानं, डोळ्यानं, आवाजानं परत परत वेगळा करून दाखवायचा असतो. दिल्लीत त्यांच्या गाण्यावर कथ्थकचे बिरजू महाराज यांनी भाव दाखवले. १९९५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि २०१२ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा त्या शहाण्णव वर्षांच्या होत्या. १५ मे २०१८ रोजी, वयाच्या एकशे दुसऱ्या वर्षानंतर, त्या गेल्या. रस्त्यावरच्या खेळापासून पद्मश्रीपर्यंत एक शतक लागलं.

साता समुद्रापलीकडेही तेच

हे फक्त आपल्याकडचं आहे असं नाही. अमेरिकेत लॉरिन हिल नावाची काळी मुलगी आहे. तिकडे रॅप नावाचा प्रकार आहे. तालावर झरझर बोलत जायचं, यमक जुळवायचं, समोरच्याला सवाल टाकायचा. आपल्या कलगी-तुऱ्याच्या सवालजवाबाचा दूरचा भाऊच म्हणा. लॉरिन दोन पुरुषांबरोबर ‘फ्यूजीज’ नावाच्या गटात होती. १९९६ मध्ये त्यांच्या गाण्यांचा संच जगभर गाजला. मग तिनं एकटीचा संच करायला घेतला. त्याच काळात तिला पहिलं मूल झालं. करिअरच्या वेळेला मूल कशाला, असं सांगणारे भेटलेच. तिनं मूलही ठेवलं आणि कामही केलं. १९९८ मध्ये संच आला आणि १९९९ मध्ये एका रात्रीत तिला पाच ग्रॅमी पुरस्कार मिळाले. हा तिकडचा मोठा मान. तेव्हा ती तेवीस वर्षांची होती.

पण हकिकत इथे संपत नाही. त्या संचावर काम केलेल्या काही संगीतकारांनी कोर्टात दावा केला. गाणी आम्हीही मिळून बनवली, श्रेय मात्र नीट मिळालं नाही, असं त्यांचं म्हणणं. २००१ मध्ये ते प्रकरण कोर्टाबाहेर मिटलं. गटात असताना जिच्या नावाचा प्रश्न होता, तिच्याच दारात एकटी झाल्यावर दुसऱ्यांच्या नावाचा प्रश्न आला. एकटीचं म्हणून जे काम दिसतं त्यामागेही ढोलकी वाजवणारा कोणी असतोच.

आपल्या मंडईत

आपल्या पूर्व विदर्भात भाऊबीज झाली की मंडई सुरू होतात. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या झाडीपट्टीत रात्रभर नाटकं चालतात. वडसा हे त्यांचं मुख्य ठाणं. तिथेही एके काळी बाईची भूमिका पुरुष करत. आज बाया करतात, आणि त्यातल्या कितीतरी नागपूरहून प्रवास करून जातात. पुढच्या मंडईत नाटकाची जाहिरात दिसली तर थांबून वाचा. मंडळ कोणाचं आहे, नायिकेचं नाव लिहिलं आहे का, आणि पाहा, मालक म्हणून एखाद्या बाईचं नाव आहे का.

बैठकीत बोलायला चार गोष्टी

आता आपल्या पेचाकडे येऊ. गटातून निघणारी बाई फितूर असते का? या चारी हकिकती पाहिल्या तर आम्हाला तसं वाटत नाही. विठाबाईंना फड बापानं दिला, कांताबाईंना मेळ्यानं आणि खेडकरांच्या फडानं घडवलं, यमुनाबाईंना तिघींच्या पार्टीनं सांभाळलं. गटाशिवाय त्यातली एकही उभी राहिली नसती. आणि त्यातली एकही कायम तिथेच राहिली असती तर पुढच्या बायांना वाट दिसली नसती. निघणं हा गुन्हा नाही. भांडण होतं ते आधी काही ठरवलेलं नसतं म्हणून. तेव्हा येत्या बैठकीत या चार गोष्टी बोलून घ्या आणि ठराव वहीत लिहा.

पहिली, मालाच्या पुडीवर गटाच्या नावाबरोबर बनवणाऱ्या बाईचं नाव घालायचं का? यमुना-हिरा-तारा यांच्यासारखी एका ओळीत नावं घालता येतात. त्यानं गट लहान होत नाही.

दुसरी, एखादी सदस्य निघाली तर तिची बचत, तिचा नफ्याचा वाटा आणि तिच्यावरचं कर्ज याचा हिशेब किती दिवसांत करायचा? गटाच्या पैशातून घेतलेलं यंत्र कोणाचं? हे भांडणाच्या दिवशी ठरत नाही, सगळं गोड असतानाच ठरवावं लागतं.

तिसरी, निघणाऱ्या बाईनं गटातल्या दोघी-तिघींना आपलं काम शिकवून जायचं का? आणि पुढे तिनं कामाला बाया ठेवल्या तर त्यांच्या नावाची आणि मजुरीची नोंद ती ठेवेल का? फडातून निघालेली बाई पुढे उचल देणारी मालकीण होते, हेही आपण पाहिलं.

चौथी आणि सगळ्यांत मोठी, शिल्लक. आपली पंचसूत्री आपल्याला पाठ आहे: नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब. विठाबाईंच्या फडात कला होती, कष्ट होते, टाळ्या होत्या. बाईच्या स्वतःच्या नावाचं बचतीचं पुस्तक मात्र त्या काळात कोणी तिच्या हाती दिलं नाही. आज ते आपल्या हाती आहे. गटात राहा किंवा स्वतःचं काढा, ते पुस्तक बंद पडू देऊ नका.

पुढच्या भागात पुन्हा कर्जाच्या हप्त्यांवर बोलू. तोवर बैठकीत काय ठरलं ते आम्हाला नक्की कळवा. नमस्कार.